ढगे सरांनी टाळलेला धडा

ढगे सरांच्या पहिल्या तासाला पोरांनी उपाशी यायचं, असा दंडक होता. येताना प्रत्येकानं घरून ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा आणायचा. वर्गात आल्यावर तो तोंडात टाकायचा आणि सर 'बास' म्हणेपर्यंत नुसता चावत राहायचं, गिळायचं नाही. परभणीतला उकाडा, त्यात वीज गेलेली, आणि वर्गभर पोरंपोरी गुरांसारखी रवंथ करताहेत. सर मागे हात बांधून खिडकीबाहेर बघत उभे. मागच्या बाकांवर खसखस पिकायची, एखाद्याला ठसका लागायचा. मग कधीतरी एखादी पोरगी भीतभीत म्हणायची, "सर, गोड लागायलंय."

सर गर्रकन वळायचे. "साखर कुणी टाकली?"

"कुणीच न्हाई सर."

"कुणीच न्हाई कसं? थुंकीत कामगार बसलाय. पिठाची लांबच लांब साखळी हाय, ती तोडून साखर सुटी करायलाय. त्याला पगार न्हाई, सुट्टी न्हाई, अन् वशिला तर बिलकुल चालत न्हाई. त्याचं नाव विकर. इंग्रजी नाव उद्या सांगतो. आता गिळा."

जीवरसायनशास्त्र नावाचा रुक्ष विषय त्यांनी असा भाकरीच्या तुकड्यावर सुरू केला, आणि नोकरी संपेपर्यंत तसाच सुरू करत राहिले. सर गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. कुणी त्यांना ज्ञानतपस्वी म्हणालं, कुणी दीपस्तंभ. ज्यांनी हयातीत त्यांना एकदा धड चहा पाजला नाही, त्यांचेही गळे दाटून आले. मी मागच्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात चरफडत होतो. दीपस्तंभ म्हटलं की माणूस संपलाच, मग त्याच्याबद्दल आणखी काही सांगावं लागत नाही. मला सांगायचं होतं, पण तिथे सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे.

मी मूळचा नाशिककडचा. नोकरी लागली म्हणून परभणीला आलो आणि सरांच्या हाताखाली त्याच विभागात रुजू झालो. सर उंच, हाडकुळे, खांद्यात किंचित वाकलेले. उन्हाळ्यात गळ्याभोवती ओला रुमाल, हिवाळ्यात तोच रुमाल कोरडा. बोलणं अस्सल इकडचं. इंग्रजी पुस्तकं कोळून प्यायलेले, पण वर्गात तंतुकणिका, लयकारिका, प्रथिनं असे शब्द ठासून वापरायचे. पोरं हसली की म्हणायचे, "हसा. पेशी काय इंग्रजी शाळेत गेलेली न्हाई."

उत्तरपत्रिकेत 'निसर्गाचा चमत्कार', 'देवाची करणी', 'नशीब' असले शब्द दिसले की अर्धा गुण कापत. एका पोरानं याबद्दल हुज्जत घातली तेव्हा सर त्याला शांतपणे म्हणाले, "बाबा, घरी जाऊन म्हण की. पेपरात म्हणायचं न्हाई. पेपरात कारण लिहायचं." हे वाक्य पुढे मला किती छळणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

सरांची आमच्या स्टाफरूममध्ये एका गोष्टीवरून यथेच्छ टिंगल चालायची. त्यांच्या घरी भाजी तेच चिरायचे. रोज सकाळी, न चुकता. बोटांच्या टोकांना वांग्याचा नाहीतर कच्च्या केळीचा काळपट डाग असायचा, आणि सकाळच्या प्रात्यक्षिकाला ते शेजारी उभे राहिले की मेथीचा वास यायचा. "काय सर, आज गवार वाटतं?" असं कुणीतरी विचारायचं. सर तितक्याच गंभीरपणे "न्हाई, दोडका" म्हणायचे. वहिनींनी सरांना चांगलंच मुठीत ठेवलंय, असा सगळ्यांचा निष्कर्ष होता. मीही त्या हसण्यात सामील असे.

आणखी एक प्रयोग त्यांचा ठरलेला. सकाळीच बाजारात जाऊन बकऱ्याची ताजी कलेजी आणायचे. आमच्या प्राचार्यांचा नेमका त्या दिवशी सोमवार असायचा. ते नाकाला रुमाल लावून व्हरांड्यातून लगबगीनं निघून जायचे आणि दुपारी बटाट्यावर हाच प्रयोग होत नाही का, अशी विचारणा करायचे. "होतो की," सर म्हणायचे, "पण कलेजीवर पोरांना विश्वास बसतो." कलेजीचा तुकडा परीक्षानळीत टाकायचा, वरून जखम धुवायचं औषध ओतायचं, की भसाभसा फेस वर यायचा. पोरं ओरडायची. जिवंत पेशीतलं एकच विकर एवढा उच्छाद मांडतं, हे त्यांना डोळ्यांनी दिसायचं. मग सर दुसऱ्या नळीत उकळलेल्या कलेजीचा तुकडा टाकायचे. वरून तेच औषध. काहीच व्हायचं नाही.

पोरांचा त्यातला रस तिथे संपायचा. सरांचा संपायचा नाही. ती गप्प नळी डोळ्यांसमोर धरून ते इतका वेळ उभे राहायचे, की मीच "सर, पुढचं घ्यायचं का?" असं विचारायचो.

आणि दरवर्षी लयकारिकांचं प्रकरण आलं की सर वही माझ्याकडे सरकवायचे. "पाठक, हे तुमी घ्या." लयकारिका म्हणजे पेशीतल्या बारक्या पिशव्या. पेशीत जे जुनं होतं, मोडतं, नकोसं होतं, ते या पिशव्यांत येतं आणि तिथली विकरं त्याचे तुकडे करून ते पुन्हा वापरात आणतात. यातलं एखादं विकर जन्मतःच नसलं तर कचरा साचत जातो आणि पेशी त्याखाली गुदमरते. हा भाग अवघड नाही. शिवाय त्यांनी शिकवला असता तर माझ्या दसपट चांगला शिकवला असता. पहिल्या वर्षी मला वाटलं, नव्या माणसाला संधी देताहेत. तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो.

गेलो तो दिवाळीच्या सुट्टीत, फराळाला. दार वहिनींनी उघडलं. मंदावहिनी बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, बोलताना पदर सारखा खांद्यावर ओढून घेणाऱ्या. आतून पैंजणांचा आवाज येत होता, थांबत नव्हता. थोड्या वेळानं तनू बाहेर आली. आठ-नऊ वर्षांची असेल. जाड भुवया, राठ केस, तोंडात फ्रॉकची बाही. ती खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेली, भिंतीला हात लावला, परत आली. माझ्याकडे तिनं पाहिलं, पण खुर्चीकडे पाहावं तसं. पैंजण तिला हौसेनं घातलेले नव्हते. ती झोपायची नाही, सारखी फिरायची, आणि कुठे आहे हे कळावं म्हणून ते होते.

तिच्यामागून पल्लवी आली. ती मोठी, चांगली चुणचुणीत. बहिणीच्या तोंडातली बाही सोडवून तिला आत घेऊन गेली. घरातलं हे काम तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"आधी लय बोलायची, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तीन वर्साची असताना 'आई, दूध उतू चाललंय' म्हणून हाका मारायची. मंग येक येक शब्द गेला. आधी दूध गेलं, मंग ताई गेलं. 'आई' सगळ्यात मागून गेलं." चकलीची ताटली माझ्यापुढे सरकवत त्या पुढे बोलत राहिल्या. "माझ्याच हातानं झालं हे. तनू पोटात होती तवा गिऱ्हान लागलं. सासूबाई घरात बसा म्हणल्या व्हत्या. मी शेपू चिरली. ह्यांना आवडती म्हणून चिरली. तवापासून इळीला हात लावत न्हाई मी."

सर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, आता हे बोलतील म्हणून. पोरांच्या पेपरात 'नशीब' दिसलं तर अर्धा गुण कापणारा माणूस. सर म्हणाले, "चहा टाकतो," आणि आत गेले. वांग्याच्या त्या डागांवर मी पुन्हा कधी हसलो नाही.

खरं काय ते मला येलदरीला कळलं. आमच्या विभागाची सहल दरवर्षी येलदरीच्या धरणावर जायची. पोरं पाण्यातलं शेवाळ बाटल्यांत गोळा करायची आणि उरलेला वेळ फोटो काढायची. मासेमारांच्या होड्या काठाला लागल्या होत्या. सर आणि मी भिंतीच्या कडेला सावलीत बसलो होतो. मी तनूची चौकशी केली, आणि कसं कोण जाणे, ते बोलायला लागले.

तनू पाच वर्षांची असताना ते तिला हैदराबादला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले होते. वहिनी बरोबर होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाई इंग्रजीतून बोलत होत्या. लयकारिकांतलं एक विकर पोरीत नाही. मेंदूच्या पेशींत कचरा साचत चाललाय. औषध नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्ही दोघं नात्यातले का? सर म्हणाले, हो. मामाची मुलगी. इकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची बायको. भाऊ आणि बहीण बोलता बोलता ठरवून टाकतात आणि पोरांना कुणी विचारत नाही. सरांनाही विचारलं नव्हतं. ते एम. एस्सी.ला आनुवंशिकतेचा पेपर देऊन गावी आले, तर अंगणात मांडव पडलेला.

"बाईनं कागदावर दोन गोल काढले," सर म्हणाले. "येक माझा, येक मंदाचा. दोघांत येकेक प्रत चांगली, येकेक खराब. चांगली असली की भागतं, म्हणून आमा दोघांना कायबी झालं न्हाई. तनूला दोन्ही खराब आल्या. येक माझ्याकडून, येक तिच्याकडून. हे मी वर्गात किती साल शिकवायलो होतो, पाठक. बाई बोलत व्हती अन् मला वाटायलं, माझाच तास चाललाय."

"वहिनींना काय सांगितलंत?"

"तिला इंग्रजी कळत न्हाई. बाहेर आल्यावर म्हणली, काय म्हणल्या बाई? मी म्हणलो, देवाची करणी म्हणल्या."

खाली पाण्यात कुणीतरी जाळं फेकलं.

"सांगा ना आता तरी," मी शेवटी म्हणालो. "त्या बिचाऱ्या शेपूला दोष देत बसल्यात."

"सांगून? आज ती म्हणती, माझ्या हातानं झालं. हाताला दोष देऊन माणूस जगू शकतो. सांगितलं की म्हणंल, आपल्या लग्नानं झालं. मंग सगळंच चुकलं की. पल्लवी चुकली, मी चुकलो, घर चुकलं. तिला मामाच्या घरून आणलेली म्हणून माझी आई लय मिरवायची. आता आई बी तिला उठताबसता गिऱ्हान काढती." ते उठले आणि पॅंट झटकली. "भाजी चिरतो मी. तेवढं करतो."

मला राग आला होता, आजही येतो. आणि तरी हेही खरं, की त्यांच्या जागी मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

त्यांच्या आई वारल्या, मरेपर्यंत ग्रहणाचं नाव घेत. पुढे तनूही गेली. शेवटी तिला चालता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं. वहिनी तिला मऊ भात बोटानं भरवायच्या आणि तो कडेनं गळायचा. तनूच्या तिसऱ्या दिवशी सर कॉलेजात आले, हजेरीपटावर सही केली, आणि त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते त्यांना संध्याकाळी आठवत नव्हतं. पैंजणांचा आवाज बंद झाल्यावर वहिनींना झोप येईनाशी झाली.

ती गोष्ट तिथेच संपली असती तर सरांनी आपलं मौन बरोबर घेऊन जन्म काढला असता. पण गयाअक्का आल्या.

गयाअक्का म्हणजे सरांची थोरली बहीण, पिंगळीला दिलेली. भारदस्त बाई, कपाळाला आडवं कुंकू, आवाज खणखणीत. त्यांचा मुलगा संतोष शिकून शेती बघत होता. सरळ, कामसू, सगळ्यांना आवडणारा. पल्लवीचं शिक्षण पुरं झालं तशी अक्कांनी पिशवीतून साडी काढून वहिनींच्या मांडीवर ठेवली. "मामाची पोरगी हाय. माझा हक्क हाय. दुसरीकडं कामून जायाचं?" वहिनींना आनंद झाला. पल्लवी लाजून आत गेली. लहानपणापासून ती आणि संतोष एकत्र खेळलेली. तनूला सांभाळायला तो सुट्टीत मुद्दाम यायचा. पल्लवीच्या मनातही तोच होता.

दुसऱ्या दिवशी सर प्रयोगशाळेत आले ते तडक माझ्या टेबलापाशी. "माझी खराब प्रत पल्लवीत असू शकती. अक्का माझीच बहीण. तिच्यात बी असू शकती, अन् तिच्यातून संतोषमधी. दोघांत असली तर पुन्हा तनू." हे ते इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "पल्लवीत असायचीच शक्यता जास्त, म्हणून संतोषचं रक्त तपासायला पायजे. आता तपासता येतं. त्याच्यात नसंल तर कायबी धोका न्हाई, खुशाल लगीन करा."

"मग सांगा तसं."

"कसं सांगू? संतोषचं रक्त कामून तपासायचं, असं मंदानं विचारलं की?"

अडचण एवढीच होती, आणि ती डोंगराएवढी होती. पल्लवीला वाचवायचं तर खरं बोलावं लागणार. खरं बोललं तर वहिनींना कळणार, की इतकी वर्षं नवऱ्याला सगळं ठाऊक होतं.

सरांनी आधी मुलीला पुढे शिकवायचं निमित्त काढलं. अक्का म्हणाल्या, लग्नानंतर शिकव की. मग पिंगळी लांब पडते म्हणाले. पिंगळी परभणीच्या उशाला, रेल्वेनं पहिलंच स्टेशन. अक्का हसून हसून दमल्या. शेवटी सरांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. ढगे सर जोशीबुवांकडे गेले. दोन्ही पत्रिका पुढे ठेवल्या आणि या जुळत नाहीत असं सांगा, म्हणून त्यांची विनवणी केली. मी बाहेर स्कूटरवर बसलो होतो, उघड्या दारातून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा चोरी करून आल्यासारखा झाला होता.

"सांगतो म्हणले," एवढंच ते बोलले.

बुवांनी शब्द पाळला. पण अक्काही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी जिंतूरहून दुसरे जोशी आणले. त्यांच्या मते असा गुणमेळ त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. सुपारी फोडायचा दिवस ठरला.

त्या दिवशी सरांनी मलाही बोलावलं होतं. बैठकीत गयाअक्का, संतोष, बोरीहून आलेले वहिनींचे भाऊ बबनराव. ते सरांचे मेहुणेही आणि मामेभाऊही. वहिनी पदर खोचून आतबाहेर करत होत्या. पल्लवी आतल्या दाराशी. ताटात सुपारी, हळदकुंकू मांडलेलं. बबनराव सुपारीला हात घालणार तोच सर म्हणाले, "थांबा."

सगळे थांबले.

"आधी संतोषचं रक्त तपासायचं."

"रगत?" अक्कांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. "माझ्या लेकराच्या रगतात खोट काढायलास व्हय रे? तुझ्या सख्ख्या बहिणीच्या?"

"खोट त्याच्यात न्हाई अक्का. असली तर आपल्या घराण्याची हाय. माझ्यात तर हायेच." सर थांबले. मी त्यांना हजारदा वर्गात पाहिलं होतं. बोलताना त्यांचे हात हवेत गोल काढत. आज हात गुडघ्यांवर होते. "मंदात बी हाय."

वहिनी हातात तांब्या घेऊन उभ्या होत्या. "माझ्यात काय हाय?"

मग सरांनी सांगितलं. साध्या शब्दांत, पेशीपासून सुरुवात करून. कचऱ्याची पिशवी, तिथला कामगार, त्याला घडवणारी आईबापांकडून आलेली एकेक प्रत. एकाच वंशातल्या दोघांची लग्नं झाली की तीच खराब प्रत दोन्हीकडून येण्याची भीती कशी वाढते ते. माझ्या मते त्यांनी आयुष्यात घेतलेला तो सगळ्यात चांगला तास होता. बबनरावांना कळलं, संतोषला कळलं, दाराशी उभ्या असलेल्या पल्लवीला तर पहिल्या दोन वाक्यांतच कळलं आणि ती तोंडावर ओढणी धरून खाली बसली.

"म्हंजी शेपूनं न्हाई झालं?" वहिनींनी विचारलं.

"न्हाई."

"गिऱ्हानानं न्हाई?"

"न्हाई, मंदा."

"तुमाला कधी कळलं?"

सरांनी मान खाली घातली. "हैदराबादला."

वहिनींनी तांब्या जमिनीवर ठेवला. आवाज चढवला नाही. "मी इचारलं व्हतं तुमाला. दवाखान्याच्या पायरीवर इचारलं व्हतं. अर्धं तुमचं व्हतं न् अर्धं माझं, तर सगळं माझ्या येकटीच्या पदरात कामून टाकलं? सासूबाई मरस्तोवर मला बोलल्या. तुमी तिथंच जेवत बसलेले असायचे."

"तुला लागंल म्हणून..."

"मला लागतच व्हतं की."

वहिनी आत गेल्या. थोड्या वेळानं आतून विळीचा आवाज यायला लागला. पाहुण्यांच्या जेवणासाठी आणलेली भाजी त्या चिरत होत्या. करकर, करकर, न थांबता. सर उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. आत जायचं त्यांना धाडस झालं नाही.

सुपारी त्या दिवशी फुटली नाही. अक्का तणतणत पिंगळीला गेल्या. पण संतोष शहाणा निघाला. आठवड्यानं तो एकटाच माझ्याकडे आला, बाही वर केली आणि म्हणाला, "घ्या रक्त. तनूला मी बघितलंय, सर." नमुना हैदराबादला गेला. संतोषमध्ये काहीही निघालं नाही. अक्कांनी ही बातमी पेढे वाटून सगळ्या भावकीला सांगितली, जणू काही तो पोरगा बोर्डात आला. लग्न थाटात झालं. कन्यादानाला सर आणि वहिनी पाटावर शेजारी बसले. वहिनींनी विधीपुरता त्यांच्या हाताला हात लावला.

पोरगी सासरी गेली आणि वहिनी भावाबरोबर बोरीला गेल्या. भांडण नाही, तमाशा नाही. चार दिवस राहून येते म्हणाल्या आणि आल्या नाहीत. सर निवृत्त झाले, घरात एकटे राहायला लागले. मी संध्याकाळी जायचो. विषय निघाला की ते म्हणायचे, "खरं सांगायला उशीर झाला, येवढंच." एकदा मात्र म्हणाले, "पाठक, निकाल चांगला आला. म्हंजी नसतं सांगितलं तरी चाललं असतं." मी म्हणालो, असं नसतं सर. त्यांनी मान हलवली, पण पटलं असं काही वाटलं नाही. त्यांच्या तब्येतीला तेव्हापासूनच उतार लागला होता.

पल्लवीला मुलगी झाली. आई बोरीला, म्हणून बाळंतपणही बोरीलाच झालं. बाळ बघायला सरांना मी माझ्या गाडीतून नेलं. इतरांची बायको माहेरी रुसून बसली तर नवऱ्याला निदान सासरी न जाण्याची सोय असते. सरांना तीही नव्हती. ते घर त्यांचं आजोळ होतं, लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्यांनी त्याच अंगणात काढलेल्या. जिंतूरच्या रस्त्याला लागल्यावर एकदाच म्हणाले, "तनूसारख्या हायेत का, भुवया बघायला पायजेत."

पल्लवीनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. सरांनी त्याच्या भुवया पाहिल्या, बोटं उलगडून पाहिली, तोंडाजवळ कान नेऊन श्वास ऐकला. बाळ छान होतं. मी ते म्हटलंही. "छान हाय," सर म्हणाले, आणि बाळ लगेच परत दिलं, आपल्याजवळ जास्त वेळ राहिलं तर त्याला काहीतरी होईल अशा घाईनं.

मग ते अंगणातल्या बाजेवर येऊन बसले. वहिनी बाहेर आल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात त्यांची हालचाल ऐकू येत होती. बबनरावांची सून नवी होती, तिनं सरांना कधी पाहिलं नव्हतं. तिनं आत विचारलं, "आत्याबाई, कोण पावणे आलेत?"

आतला आवाज क्षणभर थांबला. मी सरांकडे पाहिलं, सर जमिनीकडे पाहत होते. इतक्या वर्षांत वहिनींच्या तोंडून मी त्यांचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं, नुसतं 'हे' किंवा 'पल्लवीचे बाबा'.

"माझ्या आत्याचा दत्ता आलाय," वहिनी म्हणाल्या. "परभणीहून. पाणी नेऊन दे त्याला."

सुनेनं तांब्या-पेला आणून दिला. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला, अर्धा पेला पाणी प्यायले, आणि आतल्या अंधाराकडे बघून पाहुण्यानं विचारावं तसं विचारलं, "बरं हाय ना समद्यांचं?"